वॉर फाइल कॉपी करण्याचा हट्ट आता तरी सोडा

गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता मी नागपूरच्या आयटी पार्कमधील आमच्या कार्यालयात बसून 180 एमबीची एक वॉर फाइल (पूर्ण वेब अ‍ॅप्लिकेशनचे एकत्र गाठोडे) व्हीपीएनच्या सुरक्षित जोडणीतून मुंबईतील सर्व्हरवर जाताना पाहत होते. फाइल निम्म्याहून थोडी अधिक गेली असेल, तेवढ्यात मे महिन्यात आमच्याकडे जाते तशी लाइट गेली, राउटर बंद पडला आणि जोडणी तुटली. टॉमकॅटने, म्हणजे ते अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरने, मात्र त्याच्या वेबअ‍ॅप्स फोल्डरमध्ये बदललेली फाइल दिसताच ती उघडायला घेतली होती; ऑटोडिप्लॉय, म्हणजे नवी फाइल आपोआप सुरू करण्याची सोय, चालू असले, की तो सामान्यतः दर 10 सेकंदांनी त्या फोल्डरची पाहणी करतो, आणि फाइल पूर्ण आली आहे की अजून येत आहे हे त्याला खात्रीने कळत नाही. जुनी आवृत्ती काढली गेली, नवी उघडता येईना आणि लॉगमध्ये झिप एक्सेप्शनच्या, म्हणजे फाइल उघडता न आल्याच्या, ओळी साचत गेल्या. अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू व्हायला पहाटेचे तीन वाजले.

हे पहिल्यांदा घडले असते, तर मी गप्प बसले असते. आमच्याकडे हे वारंवार होते, प्रत्येक वेळी दोष लाइटला किंवा नेटला दिला जातो, आणि मूळ चूक कोणी बोलून दाखवत नाही. चूक ही आहे, की जी फाइल वेबअ‍ॅप्समध्ये कॉपी करण्याची मुळात गरजच नाही, ती आम्ही वर्षानुवर्षे तिथेच कॉपी करत आलो आहोत.

टॉमकॅट 5 पासून, म्हणजे 20 वर्षांहून अधिक काळ, यासाठी सरळ सोय उपलब्ध आहे. टॉमकॅटच्या सेटिंगच्या कॉन्फ फोल्डरमध्ये कॅटालिना हे फोल्डर, त्याच्या आत लोकलहोस्ट हे फोल्डर, आणि तिथे एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवायची. तिच्यात कॉन्टेक्स्ट हा एकच घटक आणि अ‍ॅप्लिकेशन डिस्कवर प्रत्यक्ष कुठे आहे ते सांगणारा डॉकबेस. त्या एक्सएमएल फाइलचे नाव हाच अ‍ॅप्लिकेशनचा पत्ता होतो. अ‍ॅप्लिकेशन वेबअ‍ॅप्सच्या बाहेर, स्वतःच्या फोल्डरमध्ये सुटे राहते, त्यामुळे 180 एमबी पुन्हा पुन्हा पाठवण्याऐवजी आरसिंक या फाइल पाठवण्याच्या साधनाने केवळ बदललेल्या फाइल पाठवता येतात. नवी आवृत्ती शेजारच्या फोल्डरमध्ये शांतपणे उतरवावी, सर्व फाइल नीट आल्याची खात्री करावी आणि मग एक्सएमएलमधील डॉकबेसची एक ओळ बदलावी. मध्येच लाइट गेली, तरी चालू अ‍ॅप्लिकेशनला धक्का लागत नाही, आणि मागे यायचे झाले, तर जुने फोल्डर जागेवरच असते. टॉमकॅटच्या 7 व्या आवृत्तीपासून तर फाइलच्या नावात दोन हॅश चिन्हे आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून जुनी व नवी आवृत्ती एकाच पत्त्यावर शेजारी शेजारी चालवता येते: आधीपासून लॉगिन असलेले लोक जुन्या आवृत्तीवर काम पुरे करतात आणि नवे येणारे नव्या आवृत्तीवर जातात.

ही सोय एकट्या टॉमकॅटपुरती नाही. वाइल्डफ्लाय या तशाच दुसऱ्या सर्व्हरमध्ये अ‍ॅप्लिकेशन बसवण्याच्या, म्हणजे डिप्लॉयच्या, आदेशाला अनमॅनेज्ड हा पर्याय जोडला, की सर्व्हर स्वतःच्या साठ्यात प्रत करून न घेता मूळ जागेवरूनच अ‍ॅप्लिकेशन चालवतो, आणि जेटी या आणखी एका सर्व्हरलाही एक्सएमएल फाइलमधून बाहेरच्या फोल्डरचा मार्ग सांगता येतो.

मी हे सर्व बैठकीत मांडले, तेव्हा एका वरिष्ठांनी सांगितले, “मॅडम, तो प्रयोग आपण मागे करून पाहिला आहे, त्यात एसएमएस दोन-दोन वेळा गेले होते.” तो प्रयोग काय होता, हे मी नंतर जुन्या सेटिंग काढून पाहिले. कोणीतरी कॉन्टेक्स्टचा घटक थेट सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये लिहिला होता, पत्ता वेगळा दिला होता आणि डॉकबेस वेबअ‍ॅप्सच्या आतल्याच फोल्डरकडे वळवला होता. त्यामुळे टॉमकॅटने तेच अ‍ॅप्लिकेशन एकदा या घटकामुळे आणि एकदा ऑटोडिप्लॉयमुळे, असे दोनदा सुरू केले, आणि एसएमएस पाठवणारे वेळापत्रकही दोनदा चालले. टॉमकॅटच्या अधिकृत दस्तऐवजात याच चुकीबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे, आणि सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्ट लिहू नये, कारण ती फाइल सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय वाचली जात नाही, हेही तिथेच लिहिले आहे. ते पान कोणी वाचले नाही, आणि न वाचता केलेल्या त्या चुकीच्या आधारे पूर्ण पद्धतच धोकादायक ठरवून टाकली, याचा मला मनस्वी संताप येतो.

सर्वांत वाईट गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही. आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये अर्जदार सातबारा आणि जातीच्या दाखल्याचे स्कॅन अपलोड करतात, आणि कोणा एकाने ते स्कॅन अ‍ॅप्लिकेशनच्या उघडलेल्या फोल्डरमध्येच साठवण्याची व्यवस्था करून ठेवली होती. नवी वॉर फाइल आली, की टॉमकॅट ते फोल्डर पूर्ण पुसून नव्याने उघडतो, आणि तसे तो करणारच, कारण ते फोल्डर त्याच्या दृष्टीने वॉर फाइलची केवळ उघडलेली प्रत असते. एका रिलीजला आठवडाभराचे स्कॅन गेले. बॅकअप फक्त डेटाबेसचा होता. उन्हात तहसीलच्या रांगेत उभे राहून दाखला मिळवलेल्या माणसाला आम्ही फोन करून “कृपया पुन्हा अपलोड करा” असे सांगत होतो, आणि त्यातले निम्मे फोन मी केले आहेत. पलीकडचा माणूस “पण मी तर दिला होता ना ताई” म्हणतो, तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे? अपलोडचे फोल्डर बाहेर ठेवून, टॉमकॅट 8 पासून रिसोर्सेस या घटकात मिळणाऱ्या सोयीने ते अ‍ॅप्लिकेशनला जोडणे, हे अर्ध्या तासाचे काम होते.

ती एक्सएमएल फाइल मी लिहिली आहे, चाचणीच्या सर्व्हरवर चालवून दाखवली आहे आणि मंजुरीसाठी मार्च महिन्यात पाठवली आहे. त्यावर अद्याप एका शब्दाचे उत्तर आलेले नाही. येत्या शुक्रवारी पुन्हा रिलीज आहे, आणि आज सकाळी आलेल्या कामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे, की वॉर फाइल वेबअ‍ॅप्समध्ये कॉपी करावी.