कीबोर्डच्या टॅब बटनानं ऑनलाइन फॉर्म भरला म्हणून बाद होत नाही, तो मेसेज फिरवणं बंद करा

काल रात्री भाच्याचा फोन. "मामा, मी टॅबनं भरलेले सगळे फॉर्म बाद झाले असतील काय?" आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला न, का टॅब दाबलं की अर्धवट फॉर्म सबमिट होते, सर्व्हर रोबोट समजून अर्ज बाद करते, चौकटीभोवती निळी रेघ दिसली म्हणजे हॅकर घुसला, आणि माउस जमत नसेल तर ओटीपी देऊन दुसऱ्याकडून भरून घ्या.

पोराला डोळ्यानं दिसत नाही. एनव्हीडीए हे फुकटचं सॉफ्टवेअर पडदा वाचून दाखवते. तो टॅब मारते, कानात "पिनकोड" ऐकू येते, टाइप करते, पुन्हा टॅब. मागं यायचं तर शिफ्ट-टॅब, पर्यायाचे गोल असले तर बाणाची बटनं, चेकबॉक्सवर स्पेस. भरतीचे फॉर्म त्यानं असेच एकट्यानं भरले. अन् तुम्ही त्याला सांगता ओटीपी दुसऱ्याच्या हाती दे? पैसे गेले, अर्जात भलतंच भरलं, तर हा मेसेज टाकणारा येणार हाय काय भरून द्यायला?

माउसशिवाय वेबसाइट चालली पाहिजे हे काही मी घरून काढलं नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू3सीनं 2008 मध्ये डब्ल्यूसीएजी 2.0 काढलं, म्हणजे अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीची नियमावली, त्यात 2.1.1 हा कीबोर्डचाच नियम आहे आणि तो सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान पाळायच्या 'ए' पातळीवर आहे.

बाकीचं पटकन सांगतो. टॅब फक्त पुढच्या चौकटीत नेते, सबमिट करत नाही. मजकुराच्या चौकटीत एंटर दाबलं तर बरेचदा फॉर्म जाते, तिथूनच ही अफवा निघाली असंन. साध्या फॉर्मसोबत तुम्ही टॅबनं आले का माउसनं, हे सर्व्हरकडं जातच नाही. अन् ती निळी रेघ ब्राउझर स्वतः काढते, तुम्ही आता कुठं आहा हे दाखवायला.

"टॅब काही बटनं सोडून देते" हेही मेसेजमध्ये आहे. ते मात्र खरं, मानावं लागते. मॅक कॉम्प्युटरवरची सफारी (ब्राउझर) सेटिंग बदलल्याशिवाय लिंकवर थांबत नाही, ऑप्शन-टॅब दाबावं लागते, आणि काही साइटवाले खरं बटन न टाकता नुसता रंगवलेला चौकोन ठेवतात, तिथं टॅब पोचतच नाही. ती चूक साइट बनवणाऱ्याची, पोराची नाही.

ज्यानं ती ओटीपीची ओळ लिहिली त्यानं ग्रुपवरून आजच्या आज काढावी.