रूड, इन्सल्ट आणि बारक्याचा मेल

काल कट्ट्यावर बारक्या आला तो फोन हातात धरूनच, बसला पण नाही, म्हणाला आधी हे वाचा, इंग्लिश बरोबर आहे का सांगा, मग पाठवतो. मेल बॉसला होता. पहिलंच वाक्य "यू इन्सल्टेड मी इन फ्रंट ऑफ द होल टीम", आणि खाली चार ओळींत रूड हा शब्द तीनदा.

झालं होतं असं की ऑनलाइन मीटिंगमध्ये हा पंधरा दिवस खपून केलेलं काम समजावून सांगत होता, जेमतेम दुसऱ्या स्लाइडवर होता आणि बॉस मधेच "येस येस, गॉट इट, नेक्स्ट" म्हणून पुढच्या माणसाकडे वळला. आवाज चढवला नाही, शिवी नाही, नावं ठेवली नाहीत. पण दहा जणांसमोर झालं ना, बारक्याचा चेहरा अजून उतरलेलाच होता.

मास्तर इंग्लिशच्या शिकवण्या घेतात. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "इन्सल्ट काढ." वकील लगेच उसळला, "का काढायचं? अपमान झालाय तर अपमानच लिहिणार ना तो!"

मास्तर म्हणाले, "अरे अपमान झालाय, मी नाही म्हणतच नाही. पण इन्सल्ट म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारणार, मी असं काय बोललो? आणि हा काय दाखवणार, गॉट इट आणि नेक्स्ट? ते दोन शब्द कागदावर कुणालाच अपमानाचे वाटणार नाहीत. तिथेच तक्रार संपली."

मला हे तेव्हाच पटलं. आपल्याला शाळेत वाईट वागण्यासाठी दोनच शब्द मिळाले, रूड आणि इन्सल्ट, आणि आपण सगळं त्यातच कोंबतो. कुणी तुटक उत्तर दिलं तरी रूड, कुणी टोमणा मारला तरी रूड, कुणी आईवरून शिवी दिली तरी रूडच! मराठीत आपण असं कधी करतो का? खेकसला, फटकारलं, हिणवलं, टोचून बोलला, पाणउतारा केला, तोंडावर पाडलं, उडवून लावलं... प्रत्येकाचं दुखणं वेगळं, म्हणून शब्द वेगळा.

ताईला मात्र हे अजिबात मान्य नव्हतं. ताई म्हणजे बारक्याची मोठी बहीण, कॉल सेंटरला आहे, परदेशी कस्टमरशी रोज बोलते. ती म्हणाली, "ज्याला लागलंय त्याने आधी डिक्शनरी उघडायची का? तुम्ही शब्द तपासत बसणार आणि ज्याने केलं तो मजेत. लागलं तर लागलं, शब्द चुकला म्हणून काय ते खोटं होतं?"

यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, कारण तिचं खोटं नव्हतं. पण मग तिनेच तिच्या ऑफिसचं सांगितलं. तिच्याकडे कस्टमर नुसता रूड असेल तर फोन ठेवता येत नाही, ऐकून घ्यायचं. तो अब्युझिव्ह झाला, म्हणजे शिव्या द्यायला लागला, तर आधी वॉर्निंग द्यायची आणि तरी थांबला नाही तर फोन कट. आणि नंतर रिपोर्टमध्ये काय झालं ते लिहायचं. एकदा एकाने तिला घाणेरडं बोलून रडवलं, तिने फोन ठेवला आणि घाईत रिपोर्टमध्ये फक्त रूड लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी तिलाच विचारलं, रूडच होता ना, मग फोन का कट केलास? मी म्हटलं, ताई हेच तर! शब्द बरोबर असता तर तुला उत्तरं द्यावी लागली नसती.

वकिलाला एकदम आठवलं. इंग्लंडमध्ये 1986 चा पब्लिक ऑर्डर अॅक्ट आहे, त्याच्या 5 व्या कलमात थ्रेटनिंग, अब्युझिव्ह आणि इन्सल्टिंग असे तिन्ही शब्द होते, तर 2014 पासून त्या कलमातून इन्सल्टिंग काढून टाकला आणि अब्युझिव्ह ठेवला. नुसता अपमान वाटला एवढ्यावर गुन्हा नको, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते, असं मत पडलं. म्हणजे तिथे संसदेने या दोन शब्दांत फरक केलाय आणि आपण कट्ट्यावर दोन्हीला एकाच पोत्यात घालतो.

मग मास्तर सुटले, आणि हा भाग मला फार आवडला. इन्सल्ट हा लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ अंगावर उडी मारणं. आपण म्हणतोच ना, अंगावर आला माझ्या! कर्ट म्हणजे तुटक बोलणारा, त्याचं मूळ आखूड केलेला, कापलेला, आपलं तोडून बोलणं. सुपरसिलियस म्हणजे दुसऱ्याला तुच्छ लेखणारा, त्याच्या मुळाशी चक्क भुवई आहे, भुवया उंचावून दुसऱ्याकडे बघणारा. अफ्रंटमध्ये कपाळ आहे, म्हणजे तोंडावर केलेला अपमान. आणि सार्कॅझम, म्हणजे टोचून बोलणं, हा ग्रीक, मूळ अर्थ मांस फाडणं. हे ऐकून बारक्या म्हणाला, लचके तोडतात माणसं बोलता बोलता, ते हेच. कुठे ग्रीक, कुठे लॅटिन आणि कुठे आपण, पण मार लागल्याची जागा सगळ्यांनी शरीरावरच दाखवलीये, मला तर अंगावर काटा आला.

ताई एका गोष्टीवर भडकली ती बरोबरच होती. बूर म्हणजे असभ्य माणूस, पण मूळ अर्थ शेतकरी. व्हिलन म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा. राबणाऱ्याच्या नावाची शिवी केली! आपणही गावंढळ म्हणतोच की. मी तो शब्द वापरणं सोडून दिलंय.

सगळ्यात कामाची गोष्ट मास्तरांनी शेवटी सांगितली. "यू आर रूड" आणि "यू आर बीइंग रूड" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तू माणूसच उद्धट आहेस, दुसऱ्यात तू आत्ता उद्धटपणा करतोयस. पहिल्यावर भांडण होतं, दुसऱ्यावर माणूस निदान थांबतो. आणि कुणी "सॉरी इफ यू वेअर ऑफेंडेड" म्हणालं तर ती माफी समजू नका, मी चुकलो असं त्यात कुठेच नाही, तुला वाईट वाटलं असेल तर तो तुझा प्रश्न, असा तो सूर असतो. ताई म्हणाली हे वाक्य ती महिन्यातून दहादा ऐकते, आणि तिला आजवर कळत नव्हतं की ऐकून बरं का वाटत नाही.

मग बारक्याला विचारलं, तू मराठीत आम्हाला काय सांगितलंस आल्या आल्या? तो म्हणाला, "मला उडवून लावलं त्याने." डिसमिसिव्ह! मास्तरांनी मांडीवर थाप मारली. वकील म्हणाला तोही नको, आधी काय केलं ते लिही, तू मला मधेच तोडलंस, ते त्याला नाकारताच येणार नाही, मीटिंगचं रेकॉर्डिंग आहे. ताई म्हणाली दोन्ही लिही, काय केलं ते पण आणि कसं वाटलं ते पण, नुसतं काय केलं लिहिलंस तर तुझं दुखणं कुठे गेलं?

यावर मास्तर आणि ताईचं पुन्हा जुंपलं आणि अर्धा तास चाललं, पण मेल तेवढ्यात झाला. "यू कट मी ऑफ ऑन द सेकंड स्लाइड. इट फेल्ट डिसमिसिव्ह. आय वुड लाइक टेन मिनिट्स टु फिनिश." तीन वाक्यं, रूड एकदाही नाही. बारक्याने ड्राफ्टमध्ये ठेवला, सकाळी डोकं शांत असताना परत एकदा वाचून पाठवतो म्हणाला, आणि मग कुठे बसला.