डावं पान, उजवं पान

मेलेल्या माणसाच्या खासगी वह्या छापाव्यात का, हा विषय काढला मृणालने. ऑस्ट्रियाच्या फौजेत लढलेला तत्त्वज्ञ विट्गेनश्टाइन याच्या पहिल्या महायुद्धातल्या खासगी वह्या तिने नुकत्याच वाचून संपवल्या होत्या, आणि कुणाशी तरी भांडल्याशिवाय ती घरी जाणार नव्हती.

अव्याने चहा यायच्या आधीच निकाल दिला. "सांकेतिक लिपीत लिहिलं, म्हणजे कुणी वाचू नये असंच ना? माणूस गेला १९५१ साली, आता त्याला विचारणार कोण? नैतिकता नावाची काही चीज आहे की नाही?"

"माझी दोन पुस्तकं चार वर्षं तुझ्याकडे पडलीत, तेव्हा कुठे असते रे ती चीज?" बंड्या.

"विषय भरकटवू नकोस."

"सांकेतिक कसली डोंबलाची," मृणाल म्हणाली. "ए-च्या जागी झेड, बी-च्या जागी वाय, साधारण असा प्रकार. शाळकरी पोरगंसुद्धा सोडवेल. शेजारच्या शिपायाने डोकावू नये एवढ्यापुरतं ते. डाव्या पानावर हे, उजव्या पानावर सरळ अक्षरात तर्कशास्त्र. १९६१ साली वह्या छापल्या तेव्हा उजवी पानं ठेवली आणि डावी गाळली."

"योग्यच केलं," काका म्हणाले. बँकेत जन्म काढलेला माणूस. "तर्कशास्त्र जगाच्या कामाचं. बाकी भीती, शरीराच्या तक्रारी, देवाचा धावा. ते छापून काय करायचंय?"

"काका, पण देव उजव्या पानावरही येतो! १९१६ चा जून. रशियन सेनापती ब्रुसिलोव्हचा हल्ला सुरू झालाय, ऑस्ट्रियाची फळी कोसळतेय. आणि ११ तारखेला हा विचारतो, देवाविषयी आणि जगण्याच्या हेतूविषयी मला काय ठाऊक आहे? आता मे महिन्यातलं डावं पान बघा. निरीक्षण चौकीवर मला पाठवा म्हणून स्वतःच विनंती केलीय. मरण जवळ आलं तर कदाचित जगण्याचा उजेड दिसेल, म्हणतो. डावं पान फाडलंत की उजव्या पानावरचा देव आभाळातून पडल्यासारखा वाटतो."

काका चहात बिस्कीट बुडवायचं विसरले.

मला मृणालचं शंभर टक्के पटतं. ज्याविषयी बोलता येत नाही त्याविषयी गप्प राहावं, असं म्हणून या माणसाने आपलं 'ट्रॅक्टेटस' हे पुस्तक संपवलं. व्हिएन्नातल्या तर्कवाद्यांना वाटलं, हा आपलाच, देवाधर्माचा निकाल लावणारा. त्यांच्या बैठकीत हा कधी कधी पाठ फिरवून रवींद्रनाथांच्या कविता वाचायचा! त्या गप्प राहण्यात केवढी तळमळ होती ते डाव्या पानांशिवाय कळत नाही. ती पानं इतकी वर्षं वाचकांपासून दूर ठेवणं हा मला अन्यायच वाटतो.

अव्या हटणारा नव्हताच. "कसली तळमळ? टॉलस्टॉयने सांगितलेलं शुभवर्तमान जवळ बाळगायचं, आणि युद्धात ज्या बोटीवर नेमणूक होती तिथल्या सोबत्यांना वहीत शिव्या घालायच्या! ढोंग नाही तर काय?"

"ढोंगी माणूस शिव्या लिहून ठेवत नाही, अव्या. हा लिहितो, मग स्वतःलाच बजावतो की द्वेष करू नकोस, त्यांना समजून घे. आणि परत चिडतो. तू नीतिशास्त्रावरची एवढी जाडजूड पुस्तकं वाचलीस ना, त्यांत माणूस इतका उघडा पडलेला एक परिच्छेद दाखव मला."

अव्या गप्प. असं क्वचित होतं.

"ती बंड्याचीच पुस्तकं," काका हळूच म्हणाले.

"अहो काका, पुस्तकांचं सोडा," बंड्या उसळला. "हॉस्टेलवर माझी डायरी काढून सगळ्या मजल्याला मोठ्याने वाचून दाखवली होती यानेच! आणि आज खासगीपणावर प्रवचन देतोय."

"तुझ्या डायरीत मेसच्या उधारीशिवाय होतं काय?"

"डाव्या पानावर उधारी होती. उजव्या पानावर काय होतं ते सांग ना मृणालला!"

अव्या लाल. उजव्या पानावर अव्याचीच बहीण होती, म्हणजे आजची बंड्याची बायको. काकांना ठसका लागला, मृणालने त्यांची पाठ थोपटली, आणि पुढचा अर्धा तास बंड्याच्या लग्नातल्या मानपानावर गेला.