दाइफुकु फ्रीजमध्ये ठेवू नका
उरलेलं दाइफुकु (गोड सारण भरलेली मोची, म्हणजे चिकट तांदळाच्या आवरणाची जपानी मिठाई) फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खा, असं दाइफुकुवरच्या एका लेखात म्हटलंय. कृपया तसं करू नका. शिजलेल्या तांदळातला स्टार्च फ्रीजच्या थंडीत सगळ्यात लवकर घट्ट होतो आणि आवरण कडक पडतं. क्योतोच्या देमाची फुताबा या मिठाईच्या दुकानाचं मामे-मोची (आत आझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण, वरच्या मोचीत खारट लाल वाटाणे) त्याच दिवशी खायचं असतं ते यामुळेच. ठेवायचंच असेल तर ताजं असतानाच एकेक नग क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि खाण्याआधी तास-दोन तास बाहेर काढून ठेवा. पाकिटातली मोची कित्येक दिवस मऊ राहते, कारण तिच्यात साखर भरपूर असते. साखर पाणी धरून ठेवते.

घरी करायचं तर शिरातामाको हे चिकट तांदळाचं पीठच घ्या. १०० ग्रॅम पिठाला साधारण १५० मिली पाणी, ५० ग्रॅम साखर. पाणी थोडं थोडं घाला, एकदम ओतलं की गुठळ्या राहतात. शिजलेला गोळा अर्धपारदर्शक दिसला पाहिजे. पांढरा डाग दिसला तर तिथे पीठ कच्चं आहे. मोदकाची पिठी इथे चालत नाही, तिला ताण येत नाही.

आणि साकुरा-मोचीचं (चेरीच्या पानात गुंडाळलेली मोची) खारवलेलं पान खाता येतं, काशिवा-मोचीचं (ओकच्या पानात गुंडाळलेली) मात्र काढून टाकायचं.