महागड्या विम्याची वकिली? : उदगीरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या आरोग्य विम्यावर मी लिहिलं होतं, त्याखालच्या प्रतिक्रियेत ‘एक पालक, उदगीर’ एवढीच सही केलीत, म्हणून काकाच म्हणतो. तुमचा राग तीन गोष्टींवर दिसतोय. आपल्याकडची पॉलिसी पंचवीस-तीस हजारांत मिळत असताना अमेरिकेतल्या विद्यापीठाचा दोन-अडीच लाखांचा विमा मी पालकांच्या गळ्यात मारतोय. बावीस वर्षांच्या धडधाकट पोराला होणार काय? आणि इंग्लंडमध्ये तर उपचार फुकट, मग तिथल्या खर्चाचं रडगाणं कशाला?

मी कुणाची पॉलिसी विकत नाही. विद्यापीठाचाच विमा घ्या, असंही लिहिलं नव्हतं. काही विद्यापीठांचे दर मलाही अव्वाच्या सव्वा वाटतात. माझा मुद्दा एवढाच होता की हप्ता बघून विमा स्वस्त की महाग ते ठरत नाही. दवाखान्याचं बिल आल्यावर आपल्या खिशातून किती जातं, ते बघायचं.

समजा, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि बिल आलं 20,000 डॉलर. पॉलिसीत डिडक्टिबल 500 डॉलर, म्हणजे पहिले तेवढे आपले. उरलेल्या 19,500 पैकी 20 टक्के आपल्याकडे, म्हणजे 3,900. झाले 4,400 डॉलर. पण पॉलिसीत ‘आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम’ 3,000 लिहिलेलं असेल, तर आपण तिथंच थांबतो. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत. तुमच्या मुलाचे आकडे त्याच्या पॉलिसीत असतील. ही कमाल मर्यादा जिथं नाही किंवा विम्याची रक्कमच तोकडी आहे, तिथं वाचवलेला हप्ता एका रात्रीत जातो. दवाखाना नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेला, नसेल तर गणित आणखी बिघडतं.

पीकविम्याचं आपण बघितलंच आहे. एका रुपयात अर्ज भरला, पण नुकसानीची खबर 72 तासांत दिली नाही म्हणून किती जण हात चोळत बसले! इथंही सगळं अटींवरच चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त पॉलिसींत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. मानसिक उपचारांना एक तर जागा नसते किंवा फार थोडी असते. धडधाकट म्हणता, पण पोराला दमा असेल, थायरॉइडची गोळी चालू असेल, तर तो आधीपासूनचा आजारच झाला. आणि घरापासून इतक्या लांब पहिल्या हिवाळ्यात मन ढासळतं ते धडधाकटांचंही.

आता तुमच्या कामाचं. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर विमा घ्याच, असा अमेरिकी सरकारचा नियम नाही. सक्ती असते ती विद्यापीठाची, आणि अनेक ठिकाणी वेव्हर मिळतो: त्यांच्या अटींत बसणारी दुसरी पॉलिसी दाखवली की त्यांचा विमा माफ. म्हणून पॉलिसी घ्यायच्या आधी वेव्हरच्या अटी वाचा. तुमची तीस हजारांची पॉलिसी त्यात बसत असेल आणि त्यातली रक्कम पुरेशी असेल, तर खुशाल तीच घ्या, मी टाळ्या वाजवीन. बसत नसेल तर दोन्हीकडे पैसे भरावे लागतील. वेव्हरची तारीख चुकली तर बहुतेक ठिकाणी विम्याची रक्कम फीच्या बिलात आपोआप चढते, मग कितीही ईमेल करा.

इंग्लंडचं ‘फुकट’ आधीच मोजून घेतलेलं असतं. व्हिसाच्या अर्जाबरोबरच विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 आधी तो 470 होता. त्यातही गंमत अशी की वर्षभराच्या कोर्सला व्हिसा वर्षाहून जास्त मुदतीचा मिळतो, म्हणून भरायचे दीड वर्षाचे, म्हणजे 1,164 पौंड. पौंड 110 रुपये धरला तरी सव्वा लाखाच्या वर. दात आणि चष्म्याचा खर्च वेगळा. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, एवढा दिलासा.

जर्मनीचं प्रतिक्रियांत एका ताईंनी विचारलंय, म्हणून थोडक्यात: इथून नेलेल्या प्रवास विम्यावर विद्यापीठात नाव नोंदवता येत नाही. तिशीच्या आत असाल तर सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो, महिन्याला साधारण 140-150 युरो. स्वस्त खासगी विम्याच्या मोहात एकदा त्यातून सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही.

काका, सोयाबीनची पट्टी यायच्या आत विम्याचे पैसे उभे करायचेत, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी मुलाचा आय-20 (व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा फॉर्म) काढून खर्चाचा तक्ता बघा. अनेक विद्यापीठं विम्याची रक्कम त्यातच धरतात, आणि तुमचं कर्ज त्या आकड्यावर मंजूर झालं असेल, तर बँकेत विचारा की हा हप्ता त्यातून देता येईल का. वेव्हरच्या अटींचं पान इथं चिकटवलंत तर तुमच्या पॉलिसीशी ताडून बघू.