वाळू, भुसा आणि ३५ टक्के मांस

‘टाको बेल या अमेरिकी फास्ट फूड कंपनीच्या बीफमध्ये मांस फक्त ३५ टक्के, बाकी वाळू आणि भुसा; खटला होताच कंपनीने पैसे चारून तो दडपला’ हा मजकूर माझ्या मावसबहिणीने घरच्या गटावर पाठवला आणि कोणीही शहानिशा न करता तो पुढे ढकलला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पैशांचा आरोप सर्वांत खोडसाळ, तेव्हा आधी तोच घेतो. अलाबामातील एका वकिली संस्थेने जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा दाखल केला. त्याच महिन्यात कंपनीने मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन, खटला भरल्याबद्दल चक्क आभार मानत, ८८ टक्के बीफ, ३ टक्के पाणी, ४ टक्के मसाले आणि ५ टक्के ओट, यीस्ट, साखर इत्यादी, असा हिशेबच छापला. एप्रिलमध्ये फिर्यादी पक्षानेच दावा मागे घेतला. त्यांच्या वकिलांनी कारण सांगितले ते कंपनीने जाहिरातीत व माहिती देण्यात बदल केल्याचे. कंपनीने तेही नाकारले आणि कोणालाही पैसे दिले नसल्याचे सांगत, पुन्हा पानभर जाहिराती देऊन फिर्यादी पक्षानेच आपली माफी मागावी असे सुनावले. पैसे देऊन ज्याचे तोंड बंद केले, त्यालाच कोणी असे भर चौकात डिवचत नाही.

३५ टक्के हा आकडा त्या वकिलांनी प्रयोगशाळेच्या हवाल्याने दिला होता, पण तपासणी कोणी केली हे सांगितले नाही. वाळू म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. मसाल्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते वापरतात आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वजनाच्या २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. भुसा कुठून आला? बहुधा ओटचाच झाला असावा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ८८ टक्के हा आकडाही कंपनीचा स्वतःचाच आहे. दावा मागे घेतला गेल्यामुळे तो न्यायालयात कधी तपासलाच गेला नाही. शिवाय अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार नुसते ‘ग्राउंड बीफ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खिम्यात वरून पाणी किंवा भर घालणारे पदार्थ चालत नाहीत. त्यामुळे ओट मिसळलेल्या सारणाला बीफ म्हणावे का, हा फिर्यादीचा मूळ प्रश्न रास्त होता, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमका तोच नाही.