‘पैसे दिलेत की!’

नवरात्रात आख्खा महाराष्ट्र अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात लोटतो आणि आम्ही पाच कोल्हापूरकर भर हस्ताच्या पावसात गेलो मालवणजवळच्या देवबागला. त्यात दोघांचा उपास. समोर सुरमई तळली जात असताना वरीचा भात खाणाऱ्या माणसाचं तोंड बघवत नाही.

जाताना दाजीपूरच्या पुढं, फोंडा घाटाच्या तोंडाशी चहाला थांबलो. तिथं उभं राहिलं की एक गंमत लक्षात येते. मागं पडलेला पाऊस राधानगरी धरणात, तिथून भोगावती, पंचगंगा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागरात. पुढं चार पावलांवर पडलेला मात्र घाट उतरून थेट अरबी समुद्रात.

सकाळी साडेआठला कर्ली खाडीतून निवतीकडं निघालो. फायबरची छोटी होडी, मागं इंजिन, होडी चालवणारा तांडेल पन्नाशीतला. निघायच्या आधी त्यानं दोनच गोष्टी बजावल्या. जॅकेटचे सगळे बंद लावायचे आणि बाराच्या आत खाडीत परत. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे उधाणाचं पाणी. बाराच्या सुमाराला भरती पुरी होणार. मग ओहोटीला खाडी समुद्राकडं धावायला लागते, त्यात वरच्या पावसाचं पाणी, आणि समोरून येणारी लाट त्या ओढीवर चढून भिंतीसारखी उभी राहते. मुखाशी वाळूचा दांडा आहेच. छोट्या होडीला समुद्रापेक्षा भीती या दारातली.

मुख ओलांडलं आणि भोगव्याच्या अंगानं निघालो. खाडीचं तांबूस पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांच्यामधली रेघ एवढी स्पष्ट, की कुणीतरी शिवण घातल्यासारखी. मग सर आली. किनाऱ्यावरून पाऊस बघणं वेगळं आणि पाण्यावर बसून अंगावर घेणं वेगळं. जोराच्या सरीत बारक्या लाटा दबून जातात, समुद्र तव्यासारखा दिसतो, फक्त खालून मोठी लाट संथपणे उचलत राहते. आम्ही कुडकुडत होतो, पण पाण्यात हात घातला तर पाणी कोमट! उन्हाळ्यात फोटोसाठी जाणाऱ्यांना हे काही कळायचं नाही. माझं स्पष्ट मत आहे, कोकणचा किनारा बघावा तर होडीतून आणि पावसात. हां, बंदी उठल्यावर. जून-जुलैत प्रवासी होड्या बंद असतात ते उगाच नाही.

निवतीचे खडक दिसायला लागले आणि तांडेलानं इंजिन हळू केलं. पश्चिमेला क्षितिज पुसलं गेलं होतं. वारा एकदम पडला, मग गार झोत आला. त्यानं काही न बोलता होडी वळवली.

आमच्यातला एक उसळला, “ओ मामा, निवतीपर्यंतचे पैसे दिलेत की!”

तांडेल शांतपणे म्हणाला, “पैशे अर्धे परत देतंय, पण होडी आता फुडे जावची नाय.”

इथं मला आपल्या लोकांबद्दल बोलायचंय. पैसे मोजले की समुद्रसुद्धा आपल्या बापाचा, ही जी खुमखुमी आहे ना, ती रंकाळ्यावर ठेवून यावी. आपण त्या माणसाच्या हाताला आणि नजरेला पैसे देतो. “नाही” म्हणणं त्यातच आलं. उलट गिऱ्हाईक चिडेल म्हणून पुढं जाणारा तांडेल भेटला, तर तिथंच उतरावं.

होडीत एकच जण गप्प होता, आमचा चिखलीचा मित्र. २०१९ च्या महापुरात घरच्यांसकट बोटीतून बाहेर आलेला. त्याच पुरात पलूसच्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली, ती बातमी आपल्यापैकी कोण विसरलंय? जॅकेटचा बंद त्यानं बसल्या बसल्या लावला होता. आम्हा बाकीच्यांना दोनदा सांगावं लागलं. एकानं तर ते फोटोत वाईट दिसतं म्हणून पाटाखाली सारलं होतं. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येत नाही लेका, कधीतरी पंचगंगेत प्रयत्न करून बघ. काठाकाठानं.

आता खरी मजा. सव्वाअकराला धक्क्याला लागलो आणि लख्ख ऊन पडलं! सर बाहेरच्या बाहेर निघून गेली असावी. आमचा गडी जो पेटला म्हणता, गगनबावड्यापर्यंत तोंड चालू होतं (येताना वाट बदलली, भांडण तेच). मी तरीही म्हणतो, तांडेलाचंच बरोबर होतं. चिखलीकरानं पूर्ण पैसे त्याच्या हातात ठेवले, वर “दिवाळीनंतर येतो” म्हणून सांगितलं.

तर निवती राहिलंय. दोन जागा रिकाम्या आहेत. जॅकेट पाटाखाली सारणाऱ्यानं फोन करू नये.